नुसती नजर टाकली

फ्रिजच्या दारावर सूनबाईने चिकटवलेल्या कागदाला आज नववा दिवस होता. कागदावर इंग्रजीतले चौदा शब्द एकाखाली एक लिहिले होते, आणि चौदाही शब्दांचा अर्थ फिरून फिरून बघण्यावरच येत होता. सूनबाई बी.ए. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवायची. आता पुन्हा नोकरी धरायची म्हणून इंग्रजीच्या परीक्षेला बसत होती. पुस्तक घेऊन बसायला वेळ कुठला, म्हणून तिने घरातल्या सगळ्या दारांना कागद लावले होते. बाथरूमच्या दारावर चालण्याचे प्रकार, कपाटावर रडण्याचे आणि फ्रिजवर बघण्याचे.

"चौदा?" पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या. "एवढ्या तऱ्हांनी बघून तरी त्यांना दिसतं काय?"

पण गोडी लागली ती त्यांनाच. रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत एक शब्द, फार तर दोन. सूनबाई भाजी चिरता चिरता अर्थ सांगायची, आणि उदाहरणं घरातलीच द्यायची.

"वॉच म्हणजे दूध तापत ठेवलं की आपण तिथेच उभ्या राहतो ना, ते. पीप म्हणजे समोरच्या काकू दाराच्या फटीतून आपल्याकडे कोण आलं ते बघतात, ते. आणि पीअर म्हणजे आपले बाबा चष्मा न लावता पेपर वाचतात, ते."

"मला चष्म्याची गरज नाही," बाबा पेपरामागून म्हणाले. पेपर त्यांनी हात जाईल तेवढा लांब धरला होता.

"खरंय. तुम्हाला आता लांब हातांची गरज आहे," सासूबाई म्हणाल्या. "बरं, ग्लेअर?"

"ते तुम्हाला येतं, आई."

सासूबाईंनी डोळे वटारून तिच्याकडे पाहिलं. "हेच," सूनबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ग्लान्स दोन दिवसांपूर्वी झाला होता. तो सगळ्यांत हलका. रस्त्याने जाताना दुकानाच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो, आपण जाता जाता बघतो, थांबत नाही. दहा पावलं पुढे गेलं की विसरून जातो.

आज सासूबाईंनी चहा गाळला, कप ओट्यावर ठेवले आणि कागदावरून वरून खाली बोट फिरवलं. "यातलं आमचं कुठलं गं? कारखान्यात टेबलावरचं?"

सूनबाईने सुरी खाली ठेवून यादी पुन्हा वाचली. "तुमचं यात नाही, आई."

"मग अर्धवट आहे तुझी यादी. मराठीत बघ. न्याहाळणं आहे, निरखणं आहे, पारखणं आहे. आमच्यासाठी तीन तीन आहेत."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात सासूबाईंच्या कारखान्यातला सुपरवायझर उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, बगलेत प्लास्टिकची फाइल. कामावर जायला अजून दीड तास होता, आणि एवढ्या वर्षांत कारखान्यातलं कोणी या दारात आलं नव्हतं. सासूबाईंनी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, स्वतःचा कप त्याच्यापुढे ठेवला.

कारखान्यात सासूबाईंना कोणी नावाने हाक मारत नसे. तिथे त्या 'दुर्बीण' होत्या. तोंडावर 'दुर्बीणमावशी', माघारी नुसतीच दुर्बीण. चादरींच्या त्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यांचं काम एकच: समोरून कापड जातं, ते बघायचं. तिरक्या काचेचं टेबल, काचेखाली चार ट्यूबलाइट, वरच्या रुळावरून उलगडत येणारा तागा काचेवरून खाली सरकतो. पायाखाली पेडल. काही खटकलं की पेडल दाबायचं, कापड थांबतं. सुईत दोरा ओवलेलाच असतो. दोष जिथे असेल तिथे ताग्याच्या काठाला एक टाका घालायचा, म्हणजे पुढे कापणाऱ्याला तो दोरा दिसतो आणि तेवढा तुकडा तो बाजूला काढतो. प्रत्येक चेकरचा दोरा वेगळ्या रंगाचा. खिडकीजवळचीचा लाल, तिच्या पलीकडचीचा हिरवा. दुर्बीणबाईंचा पिवळा.

पिवळा रंग त्यांना वारशाने आला होता. त्यांना शिकवणारी म्हातारी चेकर, जिला सगळे थोरली म्हणत, तिचा तो रंग. थोरलीने पहिल्या दिवशी त्यांच्या हातात सुई दिलीच नाही. आठवडाभर नुसतं चांगलं कापड बघायला लावलं. म्हणाली, "दोष शोधत बसू नकोस. चांगलं कापड डोळ्यांत मुरू दे. मग वाईट आपोआप टोचेल." सुई दिली तेव्हा दुसरी गोष्ट सांगितली. "टाका एकदा घालून सोडायचा नाही. दोनदा घालायचा, आणि गाठ मागच्या बाजूला मारायची. पुढचा दोरा कोणीही ओढतं गं. मागे कोणी बघत नाही."

ही नजर कारखान्याच्या फाटकात ठेवून येता येत नाही, हा घरच्यांना जाच. पाहुणे आले की बाही खाली ओढून घेतात, न जाणो बटणाचा दोरा वेगळ्या रंगाचा निघायचा. मुलगा पहिल्यांदा सूनबाईला घरी घेऊन आला, तेव्हा तिला वाटलं सासूबाई आपला चेहरा बघतायत. लग्नाला वर्ष झाल्यावर एका दुपारी सासूबाई सहज म्हणाल्या, "तो निळा ड्रेस आण बरं. त्याची खालची दुमड डाव्या अंगाला वर गेलीय. पहिल्या दिवसापासून सलतंय मला." वर्षभर त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, आणि वर्षभर ते विसरल्याही नव्हत्या.

तर हा सुपरवायझरही एकेकाळी त्यांच्याच टेबलावर शिकायला होता. सहा आठवडे. सातव्या आठवड्यात त्याला बढती मिळाली, आणि तेव्हापासून त्याने कापडाकडे पाठ केली ती केलीच. स्वभावाने वाईट नव्हता. बायकांना सुट्टी द्यायला कधी तोंड वाकडं करत नसे, आणि दुर्बीणबाईंना मनापासून मावशी म्हणत असे. आज मात्र तो साखर विरघळून गेलेला चहा कधीचा ढवळत होता.

"बोल बाबा," बाई म्हणाल्या. "चहा प्यायला नाही आलास तू."

"काही नाही हो मावशी. एक सही पाहिजे." त्याने फाइलमधून कागद काढला. "त्या निळ्या पट्ट्यांच्या चादरी परत आल्यात. गिऱ्हाईक बोंब मारतंय. हेड ऑफिसला कळवायचंय, म्हणून फॉर्मॅलिटी. म्हटलं तिथे चार बायका कान टवकारून बसतात, त्यापेक्षा घरीच जाऊन यावं."

कागद इंग्रजीत होता. बाईंनी तो हातात घेतला. "काय लिहिलंय?"

"हेच, की तो तागा तुम्ही बघितला होता."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच सांगायला माणूस सकाळी साडेसातला इस्त्री करून येत नाही. बाईंनी कागद सूनबाईकडे दिला. सूनबाईने भाजी गॅसवर टाकून ओले हात पदराला पुसले, कागद एकदा वाचला, मग बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं आणि एका शब्दाशी थांबवलं.

"आई, यात ग्लान्स लिहिलंय."

"दुकानाच्या काचेतलं?"

"तेच. चेकरने ताग्यावर नुसती नजर टाकली, दोष तिच्या लक्षात आला नाही, असं आहे. खाली तुमच्या सहीची जागा. त्याखाली, आजपासून तुम्ही पॅकिंगमध्ये बसणार, हे तुम्हाला मान्य आहे, असं."

बाबांचा पेपर खाली आला.

"अहो, शब्द आहे एक," सुपरवायझर घाईने म्हणाला. "ऑफिसात कोणी टाइप केला असेल. मनाला लावून घेऊ नका. पॅकिंगचं म्हणाल तर ते तुमच्या सोयीचंच आहे. अकरा महिने राहिलेत तुमचे. बसून काम, डोळ्यांना आराम."

"मी मागितला होता आराम?"

"मावशी, सही केलीत तर विषय इथेच मिटतो. नाही केलीत तर चौकशी लागेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"तो तागा मला पाठ आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. घरात त्यांचा आवाज उतरला की भांडीसुद्धा हळू वाजत. "शनिवार, दुपारच्या सुट्टीनंतरचा दुसरा तागा. सत्तावीस मीटरवर आडवा धागा सुटलेला. या काठापासून त्या काठापर्यंत फिकट रेघ. मग एकतीसवर, मग अडतिसावर, पुढे आणखी दोन. पाच ठिकाणी दोरा घातला मी. घालून तुला हाक मारली. तू आलास, लांबूनच मान डोलावलीस. काय म्हणालास?"

"आता रोज शंभर गोष्टी असतात, मला नाही आठवत."

"'बघू,' म्हणालास."

सुपरवायझरने फाइलचं बटण लावलं.

बाबा खाकरले. "अगं, अकरा महिन्यांसाठी कशाला डोक्याला ताप? कर सही. तुझे डोळे कसे आहेत ते आम्हाला ठाऊक आहे ना."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही चौतीस वर्षं बस चालवलीत. उद्या कोणी कागद आणला, गाडी चालवताना हा डुलक्या घेत होता. केली असतीत सही?"

बाबांनी पेपराची घडी घातली. घडी घालताना कडा जुळेनात, म्हणून पुन्हा घातली. मग म्हणाले, "माझी चप्पल कुठंय?"

"तुम्ही कुठे निघालात?"

"सोबत येतो."

"तुम्ही गॅसवरच्या भाजीकडे बघा. वॉच," बाई म्हणाल्या. "सूनबाई, तू चल. तिथे मला काय काय म्हणतात ते मराठीत कळायला हवं."

सुपरवायझरच्या स्कूटरवर दोघी मावणार नव्हत्या आणि मावल्या असत्या तरी बाई बसल्या नसत्या. त्या बसने गेल्या. वाटेत सूनबाई म्हणाली, "आई, चौकशी लागली तर?"

"लागू दे."

"घरी बसवतील."

"बसेन. पण पॅकिंगला बसले की टेबलावरच्या त्या तिघी रोज मला समोर बघणार. दुर्बिणीचे डोळे गेले म्हणून इथे आणून टाकली, असं मनाशी म्हणणार. उद्या त्यांच्यापुढे असाच कागद आला की गुपचूप सही करणार. घरी बसलेली परवडली."

मॅनेजरबाईंची खोली काचेची होती. तीन महिन्यांपूर्वी हेड ऑफिसहून आलेल्या, पस्तिशीच्या, नीटनेटक्या. टेबलावर परत आलेली चादर घडी करून ठेवलेली होती, पांढऱ्यावर निळे पट्टे. सुपरवायझर आधीच पोचून कोपऱ्यात उभा होता.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

"नको. उभ्याने काम करायची सवय आहे." बाईंनी कागद टेबलावर ठेवला, सहीची जागा मॅडमच्या बाजूला येईल असा. "यावर मी सही करणार नाही. माझ्या घरी फ्रिजवर बघण्याचे चौदा शब्द लावलेत. त्यातला सगळ्यात हलका निवडून तुम्ही मला दिलात."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी ते आवरलं. "हे बघा मावशी, मला तुमचा अपमान करायचा नाही. मी सरळ हिशेब केला. तुम्हाला दोष दिसला असता तर तुम्ही खूण केली असती. बरोबर? दोष असलेल्या पाचही चादरी मी स्वतः तपासल्या. एकीवरही दोरा नाही."

"कुठे बघितलंत?"

"काठावर. दोन्ही बाजूंच्या."

"सरळ बाजूने?"

मॅडमनी चादरीच्या घडीकडे बघितलं. सुपरवायझरने पायावरचा भार बदलला.

"चादर उघडू का?"

"उघडा."

बाईंनी एक टोक सूनबाईच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन त्या खिडकीशी गेल्या. सकाळचं ऊन कापडातून आरपार आलं. फिकट रेघ सूनबाईलाही दिसली. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. बाई रेघेकडे बघतही नव्हत्या. या चादरींच्या बाजू दुमडून शिवत नाहीत, ताग्याचा काठ तसाच ठेवतात. त्या काठावरून बाईंचा अंगठा सावकाश चालला होता. डोळे अर्धे मिटलेले. अंगठा रेघेपर्यंत आला, पुढे गेला, परत मागे आला आणि थांबला.

"इथे या, मॅडम."

मॅडम उठून आल्या. काठावर, रेघेपासून बोटभर अंतरावर, सुईची दोन छिद्रं होती, टोचल्याच्या खुणेएवढी. बाईंनी काठ उलटा केला. मागच्या बाजूला, तिळाएवढी, पिवळी गाठ घट्ट बसलेली होती.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, काठ हातात घेऊन नाकाजवळ नेला आणि डोळे बारीक केले. बाईंना बाबांचा पेपर आठवला.

"हा दोरा तुमचा कशावरून?"

"पिवळा माझाच. आधी थोरलीचा होता, अठ्ठावीस वर्षं माझा आहे. टेबलावर कोणालाही विचारा. बाकीच्या चार चादरी आणा, त्यांवरही मिळेल."

"आणि पुढचा भाग? दोरा गेला कुठे?"

"तो मी नाही काढलेला. आमच्यात टाका काढायचा झाला तर मागची गाठ आधी कापतात, मग दोरा अलगद निघतो. हा पुढून ओढलाय. ओढला की दोरा तुटतो, गाठ मागे राहते. टेबलावर वर्षभर काम केलेल्या माणसाकडून हे होत नाही." बाई थांबल्या. "सहा आठवड्यांत तेवढं शिकून होत नाही."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. वटारून नाही, रोखूनही नाही. अठ्ठावीस वर्षं कापडाकडे पाहिलं होतं तसं, पेडलवर पाय ठेवून, पुढे सरकू न देता.

सुपरवायझर मॅडमशी नाही बोलला. बाईंशी बोलला. "मावशी, गाडी उभी होती हो. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. कापणाऱ्याला दोरे दिसले असते तर त्याने तागाच बाजूला टाकला असता. मला वाटलं, रेघच आहे, धुतल्यावर जाईल."

"रेघ धुतल्यावर जात नाही. ती असते तिथे धागाच नसतो," बाई म्हणाल्या. "हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं तुला."

तो मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या शर्टाच्या खिशाची शिवण उसवत आली होती. बाईंना ती दिसली, आणि त्यांनी ती दिसल्याचं दाखवलं नाही.

"तुम्ही बाहेर थांबा," मॅडम त्याला म्हणाल्या. "आपण नंतर बोलू."

तो गेल्यावर मॅडमनी चादरीचा काठ हातातून सोडला नाही. एकदा पुढून, एकदा मागून, असा उलटसुलट करत राहिल्या. "मी पाचही चादरी तपासल्या," त्या स्वतःशीच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या. "अर्धा तास लावला."

"अर्धा तास बघितलंत ते खोटं नाही," बाई म्हणाल्या. "उलटून नाही बघितलंत."

मॅडम खुर्चीत जाऊन बसल्या. "ठीक आहे. चूक झाली. तुम्ही टेबलावर जा, तुमची जागा तुमचीच आहे. पॅकिंगचा प्रश्नच नाही. आणि हा कागद मी फाडते. विषय संपला." त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला.

बाईंनी पुढे होऊन त्यावर तळहात ठेवला. "फाडू नका."

सूनबाई चमकली. मॅडमही. "अहो, तुमच्याच भल्याचं आहे. कागदच राहणार नाही."

"तेच नको आहे मला. चादरी परत आल्या, हे तुमच्या दप्तरात राहील. त्या माझ्या टेबलावरून गेल्या, हेही राहील. कागद फाटला की मधलंच नेमकं गळून जातं. वर्षभराने मी घरी बसलेली असेन, तुमची कुठे बदली झालेली असेल. मग कोणी उघडून वाचलं तर काय वाचेल? चादरी गेल्या आणि चेकर तिथेच उभी होती. मला सोडून देऊ नका, मॅडम. मी काही केलेलं नाही, ज्यातून मला सोडायचं."

"मग काय करू म्हणता? त्याच्यावर कारवाई?"

"त्याचं तुम्ही बघा. तो मला मावशी म्हणतो, त्याची शिक्षा माझ्या तोंडून मागू नका."

"माफीचं पत्र हवंय?"

"नको."

मॅडमनी हात टेकले. "मग काय हवंय ते तरी सांगा."

बाईंनी कागद सरळ केला, त्यावरची सुरकुती अंगठ्याने दाबून बसवली आणि पहिल्या ओळीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण सकाळी सूनबाईचं बोट कुठे अडलं होतं ते त्यांनी बघून ठेवलं होतं.

"या शब्दाची ही ओळ खोडा, खालची पॅकिंगचीही. आणि त्याखाली, मला वाचता येईल असं, मराठीत लिहा: चेकरने दोष पाहिला, पाच ठिकाणी दोरा घातला आणि सांगितलं. तेवढं लिहा. मग मी सही करते."